छत्तीस गुण जुळले तरी एमबीएचं कॉलेज चुकू शकतं

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या मावसभावाने सांगलीहून मला एक एक्सेल शीट पाठवली. नऊ कॉलम, चार कॉलेजं, प्रत्येक कॉलमला वेटेज म्हणजे महत्त्वाचे टक्के, खाली टोटल, आणि हिरव्या रंगात रंगवलेलं विजेतं कॉलेज. कॉलम म्हणजे ब्रँड, फी, अ‍ॅव्हरेज पॅकेज, शहर, हॉस्टेल, बॅचमेट्स वगैरे. शीट खरंच छान होती, इंजिनिअर आहे तो, फॉर्म्युला एकही चुकला नव्हता. पण दोन दिवसांनी त्याने दुसरी शीट पाठवली. त्यात विजेतं कॉलेज बदललं होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या तर फरक एकाच ठिकाणी, ब्रँडचं वेटेज २० होतं ते ३० झालं होतं आणि फीचं २५ होतं ते १५. मी फोन करून विचारलं, अरे हे काय, तर म्हणतो, "ताई, पहिल्या शीटचं उत्तर बघून कसंतरीच वाटलं."

मला हसू आलं, पण नंतर वाटलं की आपण सगळेच हे करतो. आधी उत्तर ठरवतो आणि मग गणित त्याच्या मापाचं शिवतो.

तसं बघायला गेलं तर वेटेड स्कोअरिंग आपल्याला नवीन नाहीच, एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये ते शिकवतात तेव्हा उगाच परदेशी वाटतं एवढंच. लग्नाच्या पत्रिका जुळवतात ते गुणमेलन म्हणजे दुसरं काय आहे? वर्णाला १ गुण, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७ आणि नाडी ८. बेरीज ३६. अठराच्या वर आले की चालतंय म्हणायचं. माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही हे आधीच सांगते, पण त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला भारी वाटतात. एक म्हणजे वेटेज मुलगा-मुलगी बघायच्या आधीच ठरलेलं असतं, स्थळ आवडलं म्हणून कुणी नाडीचे ८ चे ४ करत नाही (गुरुजी शांत सांगून दक्षिणा घेतात तो भाग वेगळा). आणि दुसरी, नाडी एक असली तर बाकीचे अठ्ठावीस गुण जुळले तरी घरातली आजी मान हलवते. म्हणजे काही गोष्टींची बेरीज करायचीच नसते, त्या एकट्या उभ्या राहून नाही म्हणू शकतात. पत्रिकेची अडचण अशी की सगळ्या जगाला एकच वेटेज लावलेलं, कोल्हापूरच्या मुलीलाही तेच आणि न्यूजर्सीच्या मुलालाही तेच.

आणि नेमकी हीच अडचण कॉलेजच्या रँकिंगची आहे.

लोक रँकिंग हातात घेऊन बसतात जणू वरून उतरलंय. केंद्र सरकारचं एनआयआरएफ बघा, २०१६ पासून दरवर्षी येतं, त्यातल्यात्यात सगळ्यात उघड आहे, निकष वेबसाइटवर असतात. मॅनेजमेंटच्या यादीत टीचिंग आणि रिसोर्सेसला ३० टक्के, रिसर्च आणि प्रोफेशनल प्रॅक्टिसला ३०, ग्रॅज्युएशन आउटकमला २०, आउटरीचला १० आणि पर्सेप्शनला १०. आता मला सांगा, दोन वर्षांचा एमबीए करून हिंजवडीच्या आयटीतून मुंबईच्या बीकेसीतल्या बड्या ऑफिसात जायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला प्राध्यापकांनी किती पेपर छापले याचा ३० टक्के फरक पडतो का? पीएचडीवाल्याला पडेल, कदाचित ३० पेक्षा जास्त पडेल. आणि ज्या मुलीच्या घरी कर्ज काढायची ऐपतच नाही तिला जी गोष्ट सगळ्यात मोठी, म्हणजे फी, तिचा या पाचात कुठे स्वतंत्र कॉलमच नाही. रँकिंग खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. ते दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे आणि आपण ते आपल्या प्रश्नाखाली लिहून मोकळे होतो.

माझं स्वतःचं सांगते. मी २००७ साली अ‍ॅडमिशन घेतली. दुसऱ्या राज्यातल्या एका नावाजलेल्या खासगी कॉलेजचा कॉल कन्व्हर्ट झाला होता, म्हणजे इंटरव्ह्यू पार पडून जागा मिळाली होती, आणि दुसरीकडे पुण्यात सीईटीवरून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून, एक साधं, कमी फीचं कॉलेज मिळत होतं. बाबा झेडपीत क्लार्क, रिटायरमेंटला ३ वर्षं, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू. मी पुण्यात राहिले. खरं सांगायचं तर त्यागबिग काही नव्हता, मला कर्जाची भीती वाटली. दोन वर्षं मी त्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलांचे ऑर्कुटवरचे कॅम्पसचे फोटो बघून जळले. आमच्या कॉलेजात प्रोजेक्टर महिन्यातून पंधरा दिवस बंद असायचा आणि मार्केटिंगचे सर दोन आठवड्यांतून एकदा उगवायचे, ब्रोशरमध्ये मात्र इंडस्ट्री इंटरफेस असं जाड अक्षरात. मग सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली आणि २००९ च्या बॅचेसच्या प्लेसमेंटची सगळीकडेच वाट लागली, आमच्याकडेही आणि तिकडेही. ब्रोशरमध्ये छापलेलं अ‍ॅव्हरेज पॅकेज हे दोन वर्षांपूर्वीच्या मार्केटचं होतं हे तेव्हा कळलं. मी ७ महिने घरी बसले, ट्यूशन घेतल्या, आणि मग मला हवी तशी रिसर्चची नोकरी मिळाली, पगार कमी पण काम आवडीचं. तिकडच्या कॉलेजात गेलेल्या माझ्या मैत्रिणीवर मोठं कर्ज होतं, तिला थांबता आलं नाही, पहिली आली ती इन्शुरन्स विकायची नोकरी घेतली आणि पुढची पाच वर्षं त्याच लाइनमध्ये अडकली. हुशार ती माझ्यापेक्षा जास्त होती, आजही आहे.

पण उलटी बाजूही आहे, ती लपवली तर हा लेख म्हणजे नुसता माझा कौतुकसोहळा होईल. त्या मैत्रिणीला दहा वर्षांनी नोकरी बदलायची होती तेव्हा तिच्या कॉलेजच्या सीनियर्सनी तीन फोन केले आणि काम झालं. मला तसा फोन करणारं कुणीच नव्हतं. आमच्या कॉलेजचे अ‍ॅल्युमनी म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात गुड मॉर्निंग आणि गणपतीचे फोटो. म्हणजे मी ज्या गोष्टीला शून्य वेटेज दिलं होतं तिची किंमत नंतर मोजलीच.

तरीही आज पुन्हा निवडायला सांगितलं तर तेव्हाच्या परिस्थितीत मी तेच करेन, कारण माझी नाडी कर्ज होती. तुमची वेगळी असेल.

पैशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त गोलमाल असते. आज अहमदाबाद, बेंगळुरू, कोलकात्याच्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या आसपास आहे, नव्या आयआयएमची त्याहून कमी पण स्वस्त म्हणावी अशी नाही. समजा फी आणि राहणं-खाणं मिळून २० लाखांचं कर्ज काढलं, व्याज ९ टक्के, दहा वर्षं मुदत. हप्ता बसतो महिन्याला साधारण २५,३०० रुपये, आणि दहा वर्षांत बँकेला जातात तीस लाखांच्या वर. सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर ३२ हजारांच्या वर. आणि हे सगळं कोर्स चालू असताना व्याज चढत नाही असं धरून, प्रत्यक्षात कोर्सची २ वर्षं आणि पुढचं १ वर्ष हप्ता नसला तरी व्याजाचं मीटर पहिल्या डिसबर्समेंटपासून, म्हणजे बँकेने पहिले पैसे दिल्यापासून, चालू असतं. आता समोरची बाजू. १२ लाखांचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकायला महिन्याला एक लाख वाटतं. त्यातून व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग काढा, कंपनीचा पीएफचा वाटा काढा, ग्रॅच्युइटी, मेडिकल इन्शुरन्स, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस काढा, तर हातात सत्तर-पंचाहत्तर हजार येतात. त्यातले २५ हप्त्याला, मुंबईत शेअरिंगमध्ये राहिलात तरी २० भाड्याला. उरलं ते तुमचं, आणि घरी पाठवायचे असतील तर तुमचंही नाही. हे गणित वाईट आहे असं नाही, बऱ्याच जणांचं व्यवस्थित बसतं, फक्त ते कुणी जेवणाच्या टेबलावर मांडत नाही, सगळे आरओआय आरओआय (गुंतवणुकीवरचा परतावा) करत बसतात आणि तो आरओआय कुठल्यातरी हायेस्ट पॅकेजवर काढलेला असतो.

हायेस्ट पॅकेजवरून आठवलं. एका कॉलेजच्या जाहिरातीत मी एक परदेशी पॅकेजचा आकडा लागोपाठ तीन वर्षं बघितलाय, तोच मुलगा, तोच फोटो, फक्त बॅकग्राउंडचा रंग बदललेला. नाव नाही घेत. अ‍ॅव्हरेजचंही तेच, एका मुलाला ६० लाख मिळाले की शंभर जणांचं अ‍ॅव्हरेज अर्ध्या लाखाने वर उचललं जातं, म्हणून मीडियन, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या मुलाचा पगार, विचारा. आणि मीडियन सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा, कितीजणांचं? ज्यांनी प्लेसमेंटमधून आपणहून ऑप्ट आउट केलं असं दाखवतात ते खरंच घरच्या धंद्यात गेले की त्यांना काही मिळालंच नाही?

बरं, पैसा हीच सगळ्यांची नाडी असते असंही नाही. इचलकरंजीचा एक मुलगा आमच्या ओळखीत आहे, घरचे पॉवरलूम, शिवाय आता एअरजेट घेतलेत. त्याला कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत, बरे मार्क पडले म्हणून सगळे म्हणत होते आयआयएमला जा, बेबी म्हणजे नवं आयआयएम असलं तरी आयआयएमच. पण हा पोरगा परत घरीच येणार होता, डे झिरोला, म्हणजे प्लेसमेंटच्या पहिल्याच दिवशी, कुठली बँक येते याच्याशी त्याला काय देणंघेणं? दोन वर्षं धंद्यातून बाहेर राहणं हेच त्याच्यासाठी सगळ्यात महाग होतं, फीपेक्षाही. मुंबईच्या एसपी जैन इन्स्टिट्यूटमध्ये फॅमिली बिझनेसवाल्यांसाठी वेगळा कोर्स आहे, ज्यात महिन्यातला साधारण एक आठवडा कॅम्पसवर आणि बाकी दिवस आपल्याच गल्ल्यावर. त्याच्या वडिलांना हे पटायला सहा महिने लागले कारण नातेवाइकांना सांगायला आयआयएम शब्द सोपा पडतो. सांगायला सोपं पडणं हा पण एक निकष असतो बघा, शीटमध्ये कुणी लिहीत नाही पण वेटेज चांगलं ४० टक्के असतं.

तसंच गुजरातेत आणंदला इर्मा आहे, १९७९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांनी उभी केलेली संस्था, ग्रामीण व्यवस्थापन शिकवते, मुलांना गावात राहायला पाठवतात. आता ती सहकार विद्यापीठाचा भाग झालीय. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती पोरांना ही माहिती असते? आमच्याकडे गोकुळ, वारणा यांच्यासारखे दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत, सहकाराचं सगळं जाळं आहे, आणि त्याच गावातली हुशार मुलं बँकिंगचा एमबीए करून बेलापूरला होम लोन विकतात. ज्याला गावाशी संबंधित कामच करायचंय त्याच्यासाठी आणंद हे मुंबईपेक्षा वरचं कॉलेज आहे, मग कुठल्याही मासिकाचं रँकिंग काहीही म्हणो. आणि ज्याला गावातून बाहेर पडायचंय म्हणूनच एमबीए करायचंय, त्याच्यासाठी नाही. हेही मान्य करायला लाजू नये.

ऑपरेशन्समध्ये रस असेल तर पवईचं आयआयएम मुंबई बघा, ते २०२३ पर्यंत नीटी होतं, १९६३ पासून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था, नाव नवीन असलं तरी सप्लाय चेनमधली ओळख जुनी आहे. चर्चगेटचं जमनालाल बजाज १९६५ पासून आहे, फी आयआयएमच्या मानाने बरीच कमी, फायनान्सच्या कंपन्या हाकेच्या अंतरावर, पण सीईटीला ९९.९ च्या पुढे घासाघीस आणि आयआयएमसारख्या हिरव्यागार रेसिडेन्शियल कॅम्पसची कल्पना घेऊन येणाऱ्याचा विरस होणार. कुणाला शहर म्हणजेच कॅम्पस वाटतं, कुणाला गोव्यात साखळीच्या डोंगरावर जीआयएममध्ये (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) बसून शांतपणे अभ्यास करायचा असतो. मी स्वतः मुंबईत दोन वर्षं लोकलने ये-जा करून शिकू शकले असते का? नाही. ठाण्यातली माझी मामेबहीण म्हणते, लोकलमध्येच माझा सगळा सिलॅबस झाला.

मुलींचं एक वेगळंच असतं आणि त्यावर जरा बोललं पाहिजे. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या निम्म्या तरी मुलींच्या यादीत सेफ सिटी, घरापासून अंतर, हॉस्टेलची वेळ हे निकष वर असतात. मी विचारते, हे तुझं की घरच्यांचं? बऱ्याचदा मुलगी गप्प बसते. एकीने सरळ सांगितलं, "ताई, दोन वर्षांचा कोर्स घेतला तर लग्न दोन वर्षं पुढे जातं, म्हणून एक वर्षाचा नको." म्हणजे घरचे ज्याला तोटा म्हणत होते तोच तिचा फायदा होता! शीटमध्ये ड्युरेशन असा कॉलम होता आणि वडिलांच्या हिशोबाने कमी म्हणजे चांगलं, तिच्या हिशोबाने जास्त म्हणजे चांगलं. माझं म्हणणं असं की घरच्यांचे निकष खोटे नसतात, फी तेच भरणार असतील किंवा गहाण त्यांचं घर पडणार असेल तर त्यांना बोलायचा हक्क आहेच, पण ते वेगळ्या शीटवर लिहा. त्यांच्या नावाने. एकाच शीटमध्ये मिसळले की आपल्याला स्वतःलाच कळत नाही आपण काय मागतोय, आणि मग पाच वर्षांनी भांडण होतं ते शीटवरून नाही होत, सासर-माहेरवरून होतं.

आता एक वर्षाचा विषय निघालाच आहे तर, चार-पाच वर्षं आयटीत घासलेल्या लोकांना हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलसारखे एक वर्षाचे कोर्स फार खुणावतात. बरोबर आहे, एक वर्षाचा पगार वाचतो. पण त्यात समर इंटर्नशिप, म्हणजे मधल्या उन्हाळ्यात कंपनीत काम करायचे दोन महिने, नसते. ज्याला त्याच लाइनमध्ये वर चढायचंय त्याचं काही अडत नाही, पण ज्याला टेस्टिंगमधून ब्रँड मॅनेजमेंटला उडी मारायचीय त्याच्यासाठी समर्सचे ते दोन महिने म्हणजे नवीन लाइनमधला एकमेव पुरावा असतो, तो सोडून फक्त वेळ वाचतो म्हणून एक वर्षाचा घेणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेचं तर मी आता कुणाला ठामपणे सांगतच नाही, चांगल्या स्कूलचा दोन वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो, वर व्हिसाची लॉटरी, त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावायचा आदेश आला. ज्याची नाडी तिथे सेटल होणं आहे त्याने कॉलेजच्या आधी व्हिसाचे नियम वाचावेत.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हीत दम आहे.

पहिला म्हणजे ब्रँड आयुष्यभर टिकतो, फी एकदाच भरायची असते. यात तथ्य आहे, मी वर माझंच उदाहरण दिलं. काही दारं फक्त ठरावीक कॅम्पसनाच उघडतात, मोठ्या स्ट्रॅटेजी कन्सल्टिंग कंपन्या मोजक्या ठिकाणीच जातात आणि तुमच्या कॉलेजात त्या येत नसतील तर तुम्ही कितीही हुशार असा, बाहेरून घुसणं महाकठीण. ज्याला तेच करायचंय त्याने ब्रँडला नाडीचे ८ द्यावेत, खुशाल कर्ज काढावं, मी अडवणार नाही. पण आयआयएम आता देशात वीसपेक्षा जास्त आहेत आणि ए-बी-सीचा (अहमदाबाद, बेंगळुरू, कलकत्ता) ब्रँड म्हणजे सगळ्यांचा ब्रँड असं समजून लोक सही करतात, तिथे घोळ होतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बावीस वर्षांच्या पोराला स्वतःच्या प्रायॉरिटी माहीतच नसतात, तो वेटेज कशाच्या जोरावर देणार? म्हणून आपलं सगळे जिथे जातात तिथे जावं. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र दिसलंय की काय हवंय हे माहीत नसलं तरी काय सोसणार नाही हे बऱ्याच जणांना पक्कं माहीत असतं. सेल्सचं टार्गेट सोसणार नाही, आईला एकटं सोडून हजार किलोमीटर जाणार नाही, तीस वर्षांपर्यंत हप्ता नको, हे पोरं एका दमात सांगतात. तिथून सुरू करा. आणि कॉलेजला एक दिवस जाऊन या, प्लेसमेंट कमिटीच्या कोटवाल्या मुलांना भेटू नका, गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या सेकंड इयरच्या मुलांना विचारा. टॉपरला नको आणि रडणाऱ्यालाही नको, बॅचच्या मधल्या मुलाला विचारा की समर्सला कुठे होतास, सर वर्गात येतात का, आणि आज पुन्हा हेच कॉलेज घेशील का. शेवटच्या प्रश्नाला तो किती वेळ थांबतो ते मोजा.

आत्तापर्यंत मी सगळं विद्यार्थ्यांच्याच गळ्यात घातलं, पण मला खरं भांडायचंय ते व्यवस्थेशी. आपल्या राज्यात सीईटी सेलच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, ऑप्शन फॉर्म भरायचा असतो, आणि सरकार मुलांना तुमचा पसंतीक्रम काय असं विचारतं ती बहुतेक ही एकच जागा. मुलं तिथे काय करतात? गेल्या वर्षीचा कट-ऑफ उतरत्या क्रमाने लावतात. सायबर कॅफेवाला लावून देतो कधीकधी. कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षीच्या पोरांची पसंती, आणि त्यांनी ती त्याच्या आदल्या वर्षीच्या पोरांकडून घेतलेली, अशी ही पालखी चालूच आहे, खांदेकरी बदलतात. वर अशी भीती की आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिलं तर खालचं हातचं जाईल. तसं होत नाही, अलॉटमेंट मेरिटने होतं, वरचं नाही मिळालं तर खालच्यावरचा तुमचा हक्क तसाच राहतो. उलट पहिल्याच नंबरचा ऑप्शन अलॉट झाला तर तो ऑटो फ्रीझ होतो, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर खरोखर हवं तेच लिहायला पाहिजे. हे फॉर्मच्या पहिल्या पानावर मोठ्या मराठीत का लिहीत नाहीत?

आणि माहिती. फॉर्म भरताना मुलाला कॉलेजचा कोड दिसतो, जागा दिसतात, कोटा दिसतो. मीडियन पगार दिसत नाही, बॅचमधल्या कितीजणांना नोकरी लागली ते दिसत नाही, कायमस्वरूपी प्राध्यापक किती ते दिसत नाही. प्लेसमेंटचे आकडे कसे जाहीर करावेत याचे नियम देशात आहेत, आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन केलेले, त्यात रिपोर्ट बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घेतात, पगाराचे भाग वेगवेगळे दाखवतात. पण ते ऐच्छिक आहेत, आणि ज्या कॉलेजांना लपवायचंय ती कशाला आपणहून येतील? माझं म्हणणं सोपं आहे, कॅपमधून जागा भरायच्या असतील तर हे तीन आकडे तपासून दिलेच पाहिजेत, नाहीतर त्या कोडपुढे "माहिती दिली नाही" असं छापा. बास. फी ठरवायला प्राधिकरण आहे तर हे का होऊ नये?

तिसरी गोष्ट तारखांची. खासगी कॉलेजांचे आणि आयआयएमचे निकाल उन्हाळ्यात लागतात, पैसे भरायची मुदत आठ-दहा दिवसांची, आणि कॅप सुरू होतं पावसाळ्यात. म्हणजे ज्याला सीईटीचं कॉलेज मिळेल असं वाटतंय त्याने एकतर लाखभर रुपये अडकवून ठेवायचे नाहीतर हातची जागा सोडायची. ज्याच्या घरी पैसे आहेत तो दोन्हीकडे पाय ठेवतो, ज्याच्या नाहीत तो जे आधी येईल ते घेतो. अशा वेळी पसंती कुणाची मोजली जाते हे उघड आहे. आमच्या शेजारच्या मुलीचे एका कॉलेजात अडकलेले पैसे परत मिळायला दिवाळी उजाडली, चौदा मेल आणि दोन चकरा.

माझ्या मावसभावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. मी त्याला म्हटलं, शीट बंद कर, कागद घे, चार कॉलेजांची नावं न लिहिता फक्त निकष आणि वेटेज लिही आणि फोटो काढून मला पाठव, म्हणजे नंतर तुला बदलता येणार नाही. रात्री साडेअकराला फोटो आला. आठ निकष होते, त्यातले सात खोडलेले आणि खाली बॉलपेनने लिहिलेलं, "पप्पांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सांगलीला चार-पाच तासांत पोचता आलं पाहिजे."

ही गोष्ट त्या नऊ कॉलमच्या शीटमध्ये कुठेच नव्हती. चारपैकी तीन कॉलेजं तिथेच गळाली. आता तो पुण्यात आहे, शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटी पकडतो, आणि परवा फोनवर सांगत होता की त्यांचे मार्केटिंगचे सर दर लेक्चरला वेळेवर येतात.